आरवाडेबाईंची नापसंती

शर्वरी आरवाडेला माणसं आवडत नसत असं नाही. माणसांची आवड तिला आवडत नसे. आणि धंदा असा निवडला होता की दुसऱ्याच्या आवडीवरच पोट.

सांगलीच्या विश्रामबागेत, एका दंतवैद्याच्या दवाखान्याच्या वर, तिचा आणि सुकुमार मगदूमचा ‘ठसा’ नावाचा लहानसा स्टुडिओ होता. लग्नपत्रिका, पतसंस्थांची कॅलेंडरं, क्लासेसची माहितीपत्रकं, हळदीच्या पिशव्या, बेदाण्याची खोकी. येणाऱ्या प्रत्येकाला अक्षरं मोठी हवी असत, फोटो त्याहून मोठा हवा असे, आणि कागदावर कुठे रिकामी जागा दिसली की आपली फसवणूक झाल्यासारखं वाटे. शर्वरी ऐकून घेई, “छान कल्पना आहे” म्हणे आणि मनातल्या मनात त्या माणसाला जिन्यावरून खाली ढकलून देई. सुकुमार चहा मागवी, मुलाबाळांची चौकशी करी. कॉलेजपासूनचे दोघं मित्र. पंधरा वर्षं हे असं बिनबोभाट चाललं, कारण मनातलं मनात राहत होतं.

तासगावचे रावसाहेब कोथळे आले, त्या दिवशी त्यांच्या नाकावर नवा चष्मा होता. काळी, जाडसर फ्रेम. शर्वरीने त्यांच्या बेदाण्याच्या खोक्याचा नमुना समोर ठेवला. पांढऱ्या खोक्यावर वेलीचं एकच वळण आणि त्या वळणातून निघालेलं नाव. बाकी सगळं मोकळं. त्या मोकळ्या जागेसाठी तिने आठवडा घालवला होता.

“झ्याक हाय,” कोथळे म्हणाले. “फकस्त हितं मधी आमच्या आबांचा फोटो टाका.” त्यांनी मोबाइल पुढे केला. फेटा बांधलेला एक म्हातारा ओळखपत्रासाठी बसवल्यासारखा कॅमेऱ्याकडे बघत होता.

“छान कल्पना आहे,” शर्वरी म्हणाली.

“छान हाय?”

“हो. घरगुती वाटेल एकदम.”

कोथळ्यांनी चष्मा नाकावर नीट बसवून तिच्याकडे बघितलं. “मग जांभळ्या का झाला तुम्ही?”

शर्वरीला वाटलं, खोक्याच्या रंगाबद्दल चाललंय. “जांभळा घेता येईल. काळ्या द्राक्षाच्या बेदाण्याला तर...”

“खोक्याचं न्हाई, मॅडम. तुमचं बोलतुय.” त्यांनी फ्रेमवर बोट टेकवलं. “पोरानं पुण्यास्नं आणलाय. समोरच्याच्या मनात काय हाय, त्याचा ठिपका येतुय काचंच्या कोपऱ्यात. खूश असला तर हिरवा, भ्याला तर पिवळा, चिडला तर लाल. आन् कमी लेखलं तर जांभळा. व्यापाऱ्याम्होरं घातला, लाल झाला. बँकेत घातला, पिवळा झाला. जांभळा आज पैल्यांदा बघितला. त्यो बी आमच्या आबांच्या फोटोवर.”

शर्वरीच्या तोंडात पुन्हा ‘छान’च आलं.

“आबांनी माळावर बाग उभी केली. म्हणून म्हणलं, त्येंचा चेहरा असावा,” कोथळे म्हणाले. आवाज चढला नव्हता. “तुम्ही नको म्हणला असता तरी चाललं असतं की.” त्यांनी चहा संपवला, मोबाइल खिशात टाकला आणि गेले. खोकं टेबलावरच राहिलं.

सुकुमार आतल्या खोलीतून बाहेर आला. “काय बोललीस त्यांना?”

“मी छान म्हणाले.”

कंपनीने त्या चष्म्याला भारीतलं इंग्रजी नाव दिलं होतं, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. लोक त्याला मनकवडा म्हणू लागले. त्यामागचं शास्त्र फार अवघड नव्हतं. माणसाच्या चेहऱ्यात चाळीसहून जास्त स्नायू असतात. मनात काही उठलं की त्यातले काही आपोआप हलतात. मग मेंदूचा शहाणा भाग जागा होतो आणि चेहऱ्यावर प्रसंगाला शोभेल असं हसू पसरून देतो. ही मधली फट इतकी बारीक असते, की समोरच्याच्या नजरेला ती सापडत नाही. चष्म्याच्या दांडीतल्या कॅमेऱ्याला सापडे. तो सेकंदाला शेकडो चित्रं टिपे आणि शहाणपण सुरू होण्याआधीचा चेहरा वाचे. बहुतेक भावना चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना सारख्याच उमटतात. तुच्छता तशी नाही. तिच्यात ओठाचा एकच कोपरा आत ओढला जातो आणि किंचित वर जातो. म्हणून यंत्राला ती सगळ्यात सोपी. राग आणि भीती यांत चष्मा कधीकधी गफलत करी; जांभळ्यात सहसा नाही.

वर्षभरात सांगलीत ‘जांभळं होणं’ हा शब्दप्रयोग रुळला. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीचा मामा चष्मा लावून कोपऱ्यात बसू लागला. मुख्याध्यापक पालकांसमोर जांभळे झाले, सुना सासूसमोर झाल्या, एका सत्कारात तर सत्कारमूर्तीच हार घालणाऱ्यासमोर झाले आणि तालुक्यातली एक जुनी युती मोडली. मग लोकांनी उपाय शोधला. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. तिथले डॉक्टर ओठाच्या दोन्ही कोपऱ्यांत बारीक सुई टोचून तिथला स्नायू काही महिने गप्प करून देऊ लागले. सुरकुत्यांसाठी हे औषध बायका आधीपासून घेतच होत्या. आता पतसंस्थांचे संचालक रांगेत बसले. बघता बघता शहर गुळगुळीत झालं. बाजारात गेलं की सगळे शोकसभेला बसल्यासारखे दिसत, फक्त कोण गेलं ते कुणाला ठाऊक नसे.

‘ठसा’ची गिऱ्हाइकं एकेक करून गळाली. शर्वरी काही बोलण्याआधीच माणसं खुर्चीतून उठत.

“तू टोचून घे ना एकदा,” सुकुमार म्हणाला. “घरी आमच्या अलकानेसुद्धा घेतलं. काही कळतही नाही.”

“कुणाच्या मुंजीच्या पत्रिकेचं कौतुक करता यावं म्हणून मी तोंडात सुई खुपसून घेऊ?”

“मग काय करायचं?”

“मूर्खांची लाट आहे. ओसरेल.”

लाट ओसरली नाही. सुकुमारने स्वतःच एक मनकवडा घेतला. गिऱ्हाइकाला खरंच काय आवडतंय ते कळलं तर काम हातातून जाणार नाही, असं त्याचं म्हणणं. “तुझ्याकडे बघताना काढून ठेवीन,” असं त्याने आपणहून सांगितलं, आणि काही महिने पाळलंही.

मग एका सूतगिरणीचं बोधचिन्ह करायचं काम आलं. सुकुमारने ते एकट्याने केलं. चरखा, चरख्यात बाईचा चेहरा, बाईमागून उगवणारा सूर्य. दुपारी डबा खाऊन झाल्यावर त्याने कागद शर्वरीसमोर ठेवला.

“बघ बरं कसं वाटतंय.”

“छान झालंय,” शर्वरी म्हणाली आणि पाणी प्यायला वळली. पेला ठेवून तिने परत बघितलं. ती कागद बघत असतानाच सुकुमारने चष्मा घातला होता.

“तू म्हणाला होतास...”

“म्हणालो होतो. किती वर्षं?”

“काय किती वर्षं?”

“किती वर्षं जांभळी होतेस माझं काम बघून?”

त्या काचेपुढे खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. “पहिल्यापासून,” ती म्हणाली.

सुकुमार खुर्चीत बसला. त्याने स्वतःचाच कागद उचलून डोळ्यांसमोर धरला. “मला एक कळत नव्हतं,” तो म्हणाला. “इथे टेबलावर जे करतो ते मलाही कधीकधी जरा बोजड वाटतं. पण छापून आलं की एकदम खुलतं. मला वाटायचं कागदामुळे. अलकालाही सांगायचो, छपाईत माझं काम खुलतं म्हणून.” त्याने कागद खाली ठेवला. “तू दुरुस्त करायचीस.”

“थोडंफार.”

“थोडंफार म्हणजे?”

“अक्षरं. दोन ओळींतलं अंतर.” मग ती म्हणाली, “कधीकधी सगळंच.”

“सांगितलं का नाहीस?”

“तुला वाईट वाटलं असतं.”

“ते नको सांगूस. सांगितलं असतंस तर मला शिकवत बसावं लागलं असतं. त्यापेक्षा गुपचूप दुरुस्त करून मनात हसणं सोपं.”

शर्वरीला ते लागलं, कारण खरं होतं. आणि खरं बोलणारा सुकुमार आहे, याचाच तिला जास्त राग आला. सूर्य उगवल्याशिवाय ज्याला चित्र पुरं झाल्यासारखं वाटत नाही, तो माणूस आपल्याला आपल्याबद्दल सांगतो म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी तो येणार नाही असं तिने धरलं होतं. तो आला, चष्मा लावूनच आला, आणि त्याने सूतगिरणीचे बरेच नवे कच्चे नमुने तिच्यासमोर मांडले. तो नमुन्यांकडे बघत नव्हता. तिच्याकडे बघत होता. एक उचलून बाजूला टाकला, दुसरा टाकला, तिसरा घेऊन टेबलाशी गेला. सूर्य खोडून परत आला. बाईचं नाक खोडून परत आला. संध्याकाळपर्यंत चरख्याच्या चाकाचा फक्त एक आरा आणि त्याला गुंडाळलेला धागा उरला, आणि तेव्हा जांभळा ठिपका आला नाही.

“झालं,” तो म्हणाला. चिन्ह खरोखर चांगलं होतं.

शर्वरीने चेहरा कोरा ठेवून बघितला. जमत नसे. पाठ फिरवून बसली, तर तो वळसा घालून समोर येई. तिला काही विचारायची त्याला गरज राहिली नव्हती. मास्तरांच्या भुवयांकडे बघत पाढे म्हणणाऱ्या पोरासारखा तो तिच्या तोंडाकडे बघत रेषा खोडे. पुढे पुढे गिऱ्हाइकंही चष्मा लावून तिच्यासमोर बसू लागली. आरवाडेबाई जांभळ्या झाल्या नाहीत, म्हणजे माल चांगला. कोल्हापूरचे, पुण्याचे डिझायनर आपली कामं घेऊन जिना चढू लागले. ज्या चेहऱ्यामुळे ‘ठसा’ ओस पडला होता, त्याच चेहऱ्यावर तो आता चालू लागला.

यामागे आणखी एक गोष्ट होती. भावना मनातून चेहऱ्याकडे जाते, तशी ती चेहऱ्याकडून मनाकडेही जाते. ओठ हलतो तेव्हा मेंदूला त्याची खबर पोचते, आणि ‘हे मला आवडलेलं नाही’ ही जाणीव त्या खबरीने पक्की होते. स्नायू गप्प केला की खबर पोचत नाही. परिणाम किती मोठा यावर शास्त्रज्ञ पूर्वी वाद घालत. पण वर्ष-दोन वर्षं दर काही महिन्यांनी सुई टोचून घेतलेल्या अख्ख्या शहरात तो मोजायला शास्त्रज्ञ लागत नव्हता. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं बघितली की पुरे. लोकांना सगळंच ठीक वाटू लागलं होतं. भयंकर चित्रही ठीक, टुकार गाणंही ठीक, चोर पुढारीही ठीक. ज्याला वाईट वाईट वाटत नाही, त्याला चांगलं निवडता येत नाही. निवडण्यासाठी त्यांना असं कुणीतरी हवं होतं, ज्याच्या ओठाचा कोपरा अजून जिवंत आहे.

एके दिवशी चष्म्याच्या कंपनीकडून ऋजुता नाडकर्णी नावाची बाई पेढे घेऊन आली. तिचा चेहरा नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखा होता.

“मॅडम, तुमची नापसंती फार दुर्मिळ आहे,” ती म्हणाली. “इतकी अचूक, इतकी सातत्याची. आमच्या यंत्राने तुमच्या वर्षभराच्या प्रतिक्रिया अभ्यासल्या. कोणत्या चित्राला तुमचा ओठ किती हलला, हे त्याला आता पाठ झालंय. कुणीही आपल्या फोनवर डिझाइन टाकायचं, तुम्ही जांभळ्या झाला असता की नाही ते लगेच कळतं. तुम्हाला इथे बसून राहायचीसुद्धा गरज नाही.”

“मी माझी नापसंती विकलेली नाही.”

ऋजुताने सुकुमारकडे बघितलं. सुकुमार खिडकीबाहेर बघत होता.

“मगदूम सरांच्या चष्म्यातलं रेकॉर्डिंग आहे,” ती म्हणाली. “त्यांनी रीतसर दिलंय. मी तर फक्त आभार मानायला आलेय.”

ती गेल्यावर शर्वरीने पेढ्यांचा डबा उघडलासुद्धा नाही. “माझा चेहरा विकलास?”

“स्टुडिओत घडलेली गोष्ट स्टुडिओची. त्यात अर्धा मी आहे.”

“चेहरा माझा आहे.”

“पण हसलीस कुणावर?” सुकुमार म्हणाला. “इतकी वर्षं माझ्यावर हसलीस. त्यातला अर्धा वाटा माझा नाही?”

शर्वरी त्याच्याशी पुढे एक शब्द बोलली नाही. भागीदारी मोडली. स्टुडिओचं नाव आणि दंतवैद्याच्या डोक्यावरची जागा तिच्याकडे राहिली. सुकुमार आपलं टेबल उचलून घेऊन गेला.

त्यानंतरची दोन वर्षं शर्वरीच्या आयुष्यातली सगळ्यात चमत्कारिक. ‘आरवाडे’ ही तपासणी फोनाफोनांत गेली. महाराष्ट्रातला कुणीही चित्र काढे, ते यंत्रापुढे धरे, जांभळं आलं की काहीतरी पुसे, परत धरे. पुसत पुसत सगळे एकाच ठिकाणी पोचत. दुधाच्या सायीच्या रंगाचा कागद, करडी बारीक अक्षरं, भरपूर मोकळी जागा, कोपऱ्यात एक रेष. भडंगाच्या पिशवीवर एवढी शांतता असे की आत भडंग आहे का याची शंका यावी. कीटकनाशकाची बाटली आणि अत्तराची बाटली बहिणी वाटत. दहाव्याच्या विधीची पत्रिका आणि दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात यांत फरक करायला चष्मा लागे, साधा.

ही सगळी तिचीच आवड होती. मारुती चौकातून चालताना ती दुकानामागून दुकान स्वतःलाच भेटत होती. आणि तिला त्यातलं काहीच आवडत नव्हतं. ती मोकळी जागा तिने भांडून मिळवली होती, स्वतःशी, गिऱ्हाइकाशी, आठवडा आठवडा. इथे ती जागा कुणाशीही न भांडता आली होती, म्हणून ती रिकामीच होती. ती बाजारभर जांभळी होत चालली होती, पण ते वाचणारं कुणी नव्हतं. यंत्राला तिच्या नव्या चेहऱ्याची गरज नव्हती. जुना पाठ होता.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात नदीकाठच्या गल्लीत तिला पूरसेवा मंडळाचे फलक दिसले. हे कृष्णातीर मंडळ चांगल्या माणसांचं होतं. आयर्विन पुलाशी पाणी किती फूट झालं की कोणत्या गल्लीत शिरतं, याचे आकडे त्यांनी मेहनतीने जमवले होते आणि कोपऱ्याकोपऱ्यावर लावले होते. सायीच्या रंगावर, करड्या बारीक अक्षरांत, खाली एक नाजूक लाट. शर्वरी फलकाशेजारी पाऊण तास उभी राहिली. एकाही माणसाने मान वर केली नाही. एका पोराने त्याला सायकल टेकवून ठेवली.

ती मंडळाचे अध्यक्ष शशिकांत वाळवेकर यांच्याकडे गेली. निवृत्त इंजिनिअर, सभ्य, गुळगुळीत. तिने सोबत नवा फलक रंगवून नेला होता. गेरूवर पिवळी, वीटभर जाडीची, अंगावर येणारी अक्षरं: ‘आयर्विन ३९. निघा.’ बाकी काही नाही.

वाळवेकरांनी सवयीने फोन धरला. पडदा गर्द जांभळा झाला.

“नाही, मॅडम,” ते म्हणाले. “आरवाडेबाईंना हे पसंत नाही.” मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. “म्हणजे, तपासणीला.”

“आरवाडे मीच.”

“ते मला माहीत आहे. पण...”

“मग मी समोर बसून सांगते, मला पसंत आहे.”

“तुमचा राग मानू नका. पण ते प्रमाणित आहे. माणसाचा चेहरा आज एक, उद्या एक. त्यावर मंडळाला निर्णय घेता येत नाही. आणि आमच्या फलकांबद्दल एकही तक्रार नाही.”

“तक्रार नाही, कारण कुणी बघितलेलाच नाही.”

वाळवेकर आपल्या चष्म्यातून तिच्याकडे बघत होते. “आता तुम्ही जांभळ्या झालात,” ते काळजीने म्हणाले.

पूर्वीची शर्वरी असती, तर ‘छान’ म्हणून उठली असती. “झाले,” ती म्हणाली. “तुमचा चष्मा बरोबर सांगतोय, आणि मी तोंडानेही सांगते, म्हणजे घोळ नको. तुमचा फलक कुजबुजतोय. घरात पाणी शिरतंय हे कुणी कुजबुजत सांगत नाही. हे काम वाईट आहे, आणि माझ्या नावाने झालंय, म्हणून जास्त वाईट आहे. तुम्ही माणूस चांगले आहात. पण तुम्हाला यातलं काही कळत नाही.”

इतकं बोलून तिला हलकं वाटलं. वाळवेकरांना काय वाटलं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. आकडे मात्र त्यांनी दिले. आकडे घ्यायला कुणाचीच हरकत नाही, म्हणाले.

मंडळाचे फलक नाहीत तर घरांच्या भिंती. शर्वरी रंगाचे डबे घेऊन नदीकाठी गेली आणि दारं वाजवू लागली. पहिल्या घराने नाही म्हटलं, दुसऱ्याने कुत्रं सोडलं. तिसऱ्या घरातल्या माणसाला तिने त्याच्या भिंतीचा रंग किती भिकार आहे इथून सुरुवात केली. चौथ्या दारापाशी मागून आवाज आला.

“तुला बोलता येत नाही. मी बोलतो, तू रंगव.”

सुकुमार वाळला होता. त्याच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. तपासणी फोनमध्ये आली, तेव्हापासून आरवाडेबाईंचा चेहरा वाचून काम करणाऱ्या सुकुमार मगदूमकडे कुणी जात नव्हतं. “वाळवेकरांनी सांगितलं, तू इकडे आलीस,” तो म्हणाला.

“तुझ्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.”

“माहीत आहे. निदान आता सांगतेस.”

तो दारात उभा राही, घरातल्यांची नावं विचारी, मागच्या पुरात काय काय गेलं ते ऐकून घेई, आणि थोड्या वेळाने भिंत मिळे. ती अक्षरं आखी, तो भरी. त्याचा ‘घ’ पोट सुटल्यासारखा झाला की ती तसं सांगे. तो धुसफुसत पुसून परत काढी. एकदा त्यानेही सांगितलं, की तिच्या अनुस्वाराचा ठिपका फार सभ्य आहे, लांबून दिसणार नाही. ती त्याच्याशी भांडली, रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघून आली आणि ठिपका मोठा केला. तिने त्याला माफ केलं असं कुणी समजू नये. नदीकाठी गल्ल्या फार होत्या आणि माणसं दोनच होती, एवढंच.

गल्लीत नाराजी पसरली. गुळगुळीत चेहऱ्यांवर ती दिसत नसे, पण नदीकाठच्या फार थोड्या लोकांना सुईची चैन परवडत होती. इथे ती दिसे. येणारी-जाणारी माणसं भिंतीकडे बघत, तोंड वाकडं करत आणि पुढे जात. बघत मात्र.

ऑगस्टात धरणांतून पाणी सोडलं आणि कृष्णा चढू लागली. पुलाशी अडतीस फूट झाल्याची खबर सकाळी आली. शर्वरी रिक्षा करून नदीकाठी गेली, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी टेम्पो लागले होते. गाद्या, गॅसच्या टाक्या, पोरांची दप्तरं, एका घरातून शिलाई मशीन. पाणी अजून खालच्या मैदानातच होतं. मंडळाचा सायीच्या रंगाचा फलक आपल्या जागी शांत उभा होता.

कोपऱ्यावरच्या घरातली बाई पत्र्याची ट्रंक ओढत उंबऱ्याबाहेर आणत होती. तिने शर्वरीला ओळखलं. कमरेवर हात ठेवून ती सरळ झाली.

“हे तुम्हीच लिहिलंय न्हवं भिंतीवर?”

“होय.”

“लई घाण दिसतंय. सकाळी दार उघडलं की डोळ्यात घुसतंय. पावणं आलं की हसत्यात.” तिने मागे वळून एकदा त्या अक्षरांकडे बघितलं. “रातभर डोळ्याम्होरं तेच. शेवटी उठले आन् भांडी बांधाय घेतली. पाणी उतरलं की पुसून द्या.”

“देणार नाही,” शर्वरी म्हणाली.

बाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि तिच्या ओठाचा डावा कोपरा हळूच वर गेला. तिने तो लपवला नाही. “शिकलेल्या बायांस्नी चांगलं दिसणं म्हंजी काय ते कळतच न्हाई बघा,” ती म्हणाली. “धरा आता तिकडनं.”

शर्वरीने ट्रंकेची दुसरी बाजू धरली आणि दोघींनी मिळून ती टेम्पोत चढवली.